तिसरा गिअर कुणाच्या हातानं सुटला

सेरो मान्सोमध्ये गिअरबॉक्सचा नुसता आवाज ऐकून आतलं दुखणं सांगणारा एकच माणूस होता, आणि गावाचं दुर्दैव असं की ही गोष्ट त्या माणसालाही ठाऊक होती. कासिमिरो बुस्तिन्सा त्याचं नाव. वय एकाहत्तर, अंग काटक, भुवया दाट, आणि तोंडातून दुसऱ्याविषयी चांगला शब्द निघायचा तो वर्षातून एकदा, तोही बहुधा मेलेल्याविषयी. गाडीच्या बाकी भागांना तो काडीची किंमत देत नसे. इंजिन म्हणजे आरडाओरडा करणारं भांडं, ब्रेक म्हणजे भित्र्यांची सोय, आणि बॉडी म्हणजे गिअरबॉक्सवर ऊन पडू नये म्हणून घातलेला पत्रा. एखादी गाडी कोणत्या रंगाची होती हे त्याला कधीच सांगता आलं नाही. तिचा दुसरा गिअर कसा कण्हत होता ते मात्र तो वीस वर्षांनीही तोंडानं काढून दाखवायचा.

त्याच्या वर्कशॉपात दिवसभर माते, म्हणजे आमचा कडू पानांचा चहा, चालू असायचा. येर्बाची पानं भरलेली वाटी, एकच नळी, आणि वाटी सगळ्यांमधून फिरती. आता, कुठल्याही घरात पहिला माते पाहुण्याला देत नाहीत. त्यात पूड वर आलेली असते, पाणी कोमट असतं, चव कडूजहर. ओतणारा तो स्वतः ओढून संपवतो आणि दुसरा, चांगला, पाहुण्याच्या हातात देतो. त्या पहिल्याला आम्ही मूर्खाचा माते म्हणतो. कासिमिरोनं ही रीतच फिरवली होती. गाडीवाला आपल्या गाडीच्या आवाजाबद्दल स्वतःचं मत सांगायला लागला, की हा मुकाट्यानं वाटीत नवी येर्बा भरायचा, पाणी ओतायचा आणि पहिला माते त्याच्याच हातात ठेवायचा. गावात सगळ्यांना त्याचा अर्थ कळायचा. फादरनी तो एकदा प्यायला, नगराध्यक्षांनी दोनदा, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेनं वाटी त्याच्या चपलेवर ओतून दिली. गावात तेवढीच एक बाई शहाणी निघाली.

दुसरी खोड सीलची. त्यानं जोडलेल्या प्रत्येक बॉक्सच्या झाकणावर दोन बोल्टांमधून तार ओवून तो शिशाचं सील दाबायचा. त्यासाठी खास पक्कड होती, ‘सी’ आणि ‘बी’ ही अक्षरं कोरलेली. ती एकदा हातातून पडली तेव्हा ‘बी’च्या खालच्या पोटाला टवका उडाला होता. “माझ्यामागं कुणी उघडला तर मला कळलं पाहिजे,” असं तो म्हणायचा. खरं म्हणजे बॉक्स कुणाचा आहे हे जगाला कळलं पाहिजे, एवढंच त्याच्या मनात असायचं.

आता अन्सेल्मोचं सांगायला हवं. अन्सेल्मो क्वार्लेरी हा कासिमिरोच्या बायकोचा, ओर्तेन्सियाचा, धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांपूर्वी गावाची शर्यतीची गाडी तो चालवायचा आणि तिचा बॉक्स दाजींनी जोडलेला असायचा. त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीत अन्सेल्मो पहिला चालला होता. डोंगराच्या वळणावर त्यानं अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, तिसरा गिअर सुटला, पाय पुन्हा दाबला आणि बिनओझ्याचं इंजिन किंचाळून फुटलं. अन्सेल्मो म्हणाला, “गिअर आपसूक बाहेर आला, दाजी.” त्यावर रविवारी क्लबात, मांस भाजायच्या शेगडीशी, साठ माणसांदेखत कासिमिरोनं निकाल दिला: “माझा बॉक्स गिअर सोडत नाही. सुटला असेल तर लोण्याच्या हातातून सुटला.”

झालं. गावाला एवढं पुरे होतं. त्या दिवसापासून अन्सेल्मोचं नाव पडलं लोणीहात्या. गाडी फुटक्या इंजिनासकट परगावी गेली. आपला बॉक्स एकदा उघडून बघावा असं कासिमिरोच्या मनातसुद्धा आलं नाही. अन्सेल्मोला पुन्हा कुणी शर्यतीला बसवलं नाही. तो बेकरीची पावाची गाडी चालवू लागला, आणि त्याला एक सवय लागली: तिसरा पडला की उजवा हात गिअरच्या दांड्यावरच दाबून धरायचा, पुढच्या कोपऱ्यापर्यंत. कार्टी सायकलवरून ओरडायची, “काका, सुटला, सुटला!” मोठी माणसं पाव घेताना हसायची. कासिमिरोही हसायचा. दोघांत सव्वीस वर्षं एक शब्द नव्हता. दर रविवारी ओर्तेन्सिया भावाकडे राविओली, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या वड्या, खायला एकटी जायची, आणि नवऱ्यासाठी डबा आणायची नाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी वर्कशॉपच्या दारात एक लांब नाकाची, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स गाडी येऊन उभी राहिली. टोमॅटोसारखी लाल. आतून उतरला दंतवैद्य लिसांद्रो काप्देविला. हातात भोकंभोकं असलेले चामडी मोजे आणि डोक्यावर तिरकी टोपी, शर्यत आत्ताच जिंकून आल्यासारखा थाट. दवाखान्यापासून वर्कशॉप चार गल्ल्यांवर होतं.

“उस्ताद, तिसऱ्यात आवाज येतो,” डॉक्टर म्हणाला. “मी मोबाईलवर सगळं वाचलंय. पुढचं बेअरिंग गेलं असणार. नाहीतर सिंक्रोच्या रिंगा. नाहीतर तेल पातळ. एका माणसानं लिहिलंय की ऐंशी टक्के वेळा...”

कासिमिरोनं वाटी झटकून नवी येर्बा भरायला घेतली.

“...ऐंशी टक्के वेळा बेअरिंगच असतं. मी तर म्हणतो, सरळ बेअरिंग बदलून टाका.”

पहिला माते डॉक्टरच्या हातात गेला. डॉक्टर राजधानीतून येऊन दोनच वर्षं झाली होती. तो मन लावून प्यायला. “छान आहे हो,” तो म्हणाला, “जरा कडू.”

“तुमच्यासाठीच केला,” कासिमिरो म्हणाला. “डॉक्टर, गाडीला आ करा म्हणता येत नाही. ऐकावं लागतं. आणि ऐकायचं म्हणजे आधी गप्प बसावं लागतं. बसा तिकडं.”

त्यानं गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवली, क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. आवाजात तिळाचा फरक पडला नाही. “पुढचं बेअरिंग ठणठणीत आहे,” तो म्हणाला, “तुमच्या त्या ऐंशी टक्क्यांना माझा नमस्कार सांगा.” मग तो एकटाच गाडी घेऊन कबरस्तानाच्या चढावर गेला. गावात चढ तेवढा एकच आहे.

चौथ्यात बॉक्स मुका होता. चौथ्यात ताकद सरळ आरपार जाते, बॉक्सातल्या खालच्या दांड्यावर ओझं पडत नाही. तिसऱ्यात घातलं की बारीक रडणं सुरू, आणि पाय उचलला की आत कुठंतरी कट्‌ असा ठोका. पुन्हा दाबला की पुन्हा कट्‌. खालचा दांडा जागेवर बसत नाहीये, पुढं-मागं सरकतोय. त्याच्या टोकाची वॉशर झिजून गेली असणार. कासिमिरोला हे दुसऱ्या ठोक्यालाच कळलं आणि तो खूष झाला. कुणीतरी अडाण्यानं जोडलाय. आता बॉक्स उघडायचा, त्या अडाण्याचं नाव शोधायचं आणि महिनाभर क्लबात पुरवून पुरवून सांगायचं.

उतारावर त्यानं पाय उचलला आणि तिसरा गिअर सुटला. गिअरचा दांडा आपसूक मागं येऊन त्याच्या गुडघ्याला लागला. त्यानं शिवी हासडली, गिअर पुन्हा घातला, आणि तो पुन्हा सुटू नये म्हणून दांडा तळव्यानं दाबून धरला. तसाच तो खाली येत होता तेव्हा समोरून पावाची गाडी चढावर आली. अन्सेल्मोचा हात दांड्यावर होता, नेहमीसारखा. त्यानं लाल गाडीकडे पाहिलं, मग कासिमिरोच्या हाताकडे पाहिलं, आणि निघून गेला.

कासिमिरोच्या आनंदावर विरजण पडलं. का, ते त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही.

डॉक्टरला घरी पाठवून त्यानं बॉक्समधलं तेल काढलं आणि एका पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरलं. तेलात बारीक सोनेरी चुरा चमकत होता. राखाडी असता तर पोलाद, म्हणजे दाते किंवा बेअरिंग. सोनेरी म्हणजे पितळ. सिंक्रोच्या रिंगाही पितळेच्या असतात, पण त्या झिजल्या की गिअर घालताना करकरतात आणि इथं करकर नव्हती; उरली ती वॉशर. आपला कान खरा ठरला तरी त्यानं या वेळी शिट्टी वाजवली नाही. तो गाडीखाली गेला, झाकणावरचा चिखल आणि डांबरासारखं तेल खरवडू लागला, आणि बोटाला तार लागली.

शिशाचं सील. ‘सी’, ‘बी’. ‘बी’च्या खालच्या पोटाला टवका.

आधी त्याला संताप आला. कुण्या भामट्यानं आपल्या पक्कडीची नक्कल केली म्हणून. तो उठला, भिंतीवरची पक्कड काढली, चष्मा लावला आणि दोन्ही टवके शेजारी धरून पाहिले. नक्कल करणारा टवक्याचीही नक्कल कशाला करील? मग त्यानं दाराच्या आतल्या कडेला कानशीनं रंग खरवडला. लाल रंगाखाली पांढरा निघाला. पांढऱ्याखाली पिवळा. गावाची गाडी पिवळी होती. हा रंग मात्र कासिमिरोला आठवत होता, कारण त्या रविवारी क्लबाच्या आवारात ती उभी होती आणि तिच्या टपावर हात आपटून तो बोलला होता.

तार सव्वीस वर्षांत कुणी तोडलेली नव्हती. ती त्यानंच कापली, बॉक्स उतरवून टेबलावर घेतला आणि खालचा दांडा काढला.

ही पितळी वॉशर नाण्याएवढी असते. तिच्या एका अंगाला तेलासाठी खाचा असतात आणि ते अंग फिरणाऱ्या गिअरकडे यायला हवं. या वॉशरच्या खाचा नव्यासारख्या होत्या, घासल्याच गेल्या नव्हत्या, कारण त्या न फिरणाऱ्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. गुळगुळीत अंग गिअरकडे होतं आणि कोरडं घासून घासून कागदासारखं झालं होतं. वॉशर उलटी बसवली होती. गॅरेजात पहिल्या आठवड्यात आलेला माणूसही ही चूक करत नाही, आणि कासिमिरो बुस्तिन्सानं ती करून वर सील ठोकलं होतं.

“जेवायला येताय, की त्या पेटीलाच भरवू?” ओर्तेन्सिया दारात येऊन म्हणाली.

त्यानं मूठ मिटली. “भूक नाही.”

“आज कुणाचा पाणउतारा केला नाहीत वाटतं. मग भूक लागणार कशी?” ती म्हणाली आणि गेली.

पुढचे दोन दिवस कासिमिरो जे वागला ते त्याच्या जागी दुसरा कुणी वागला असता तर त्यानं गावभर सांगितलं असतं. लेथवर नवी वॉशर काढली, बरोबर बसवली, बॉक्स जोडला, गाडी चढावर नेली. तिसरा गिअर सायीवरून सरकल्यासारखा चालला. जुनं सील त्यानं भंगाराच्या डब्यात टाकलं. संध्याकाळी शोधून बाहेर काढलं. नवं सील दाबायला पक्कड काढली, आणि परत टांगली. कुणाला काय कळणार होतं? बॉक्स उघडला त्यानं, बंद केला त्यानं, आणि डॉक्टरला खाच कुठली नि भिंत कुठली हे सात जन्मांत समजलं नसतं. रात गई, बात गई, म्हणून गप्प बसणं त्याला सहज शक्य होतं.

शुक्रवारी डॉक्टर आला, तो बगलेत एक रंगवलेला लाकडी फळा घेऊन. गाडी चालवून आला आणि कासिमिरोचे दोन्ही हात धरून हलवले. “उस्ताद, जादू! पण आधी कोणत्या गाढवानं जोडला होता हो?”

कासिमिरो चिंधीनं हात पुसू लागला. हा प्रश्न त्याच्या आयुष्यातला सगळ्यात लाडका प्रश्न होता.

“सांगा ना, नाव सांगा. बरं, राहू द्या. हे बघा, रविवारी चौकात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे ना, त्यासाठी केलाय. विकणाऱ्यानं मला गाडीचे सगळे कागद दिले. म्हणजे ही तीच गाडी! तुम्हाला तर माहीतच असणार.” त्यानं फळा सरळ धरला. रेखीव अक्षरांत लिहिलं होतं: याच गाडीचा तिसरा गिअर चालक अन्सेल्मो क्वार्लेरी यांच्या हातून सुटला आणि सेरो मान्सो गावाचं अजिंक्यपद गेलं. “क्लबातल्या तिघांनी मला हीच हकीकत सांगितली. लोकांना अशा गमती आवडतात. फक्त तुम्ही एकदा बरोबर आहे म्हणा.”

तोंडावरची हकीकत वेगळी. ती हवेत असते, म्हाताऱ्यांबरोबर मरते. ही तेलरंगात होती, वर वॉर्निश मारलेलं होतं.

“फळा इथं ठेवा,” कासिमिरो म्हणाला. “मी बघतो.”

“अक्षर चुकलंय का कुठं?”

“ठेवा म्हटलं ना!”

डॉक्टरनं घाईघाईनं फळा ठेवला.

रविवारी दुपारी अन्सेल्मोच्या अंगणात द्राक्षवेलाखाली टेबल मांडलं होतं. ओर्तेन्सिया चुलीपाशी टोमॅटोचा रस्सा ढवळत होती. फाटकाची कडी वाजली आणि कासिमिरो आत आला, बगलेत फळा, अंगात लग्नाचा कोट. सव्वीस वर्षांत तो या फाटकातून आला नव्हता.

“काय, रस्ता चुकलात?” अन्सेल्मो बसूनच म्हणाला.

कासिमिरोनं खिशातून वॉशर आणि तुटक्या तारेचं सील काढून मेणकापडावर ठेवलं. “ती लाल गाडी आपली आहे,” तो म्हणाला. “हे तिच्या बॉक्समधून निघालं. वॉशर उलटी होती. पाय उचलला की आतला खालचा दांडा सरकायचा आणि तिसरा बाहेर यायचा.”

अन्सेल्मोनं वॉशर उचलली, दोन्ही अंगांवरून अंगठा फिरवला. घाई केली नाही.

“उलटी?”

“उलटी.”

“कुणी बसवली?”

कासिमिरोनं सीलकडे बोट दाखवलं.

“बोट नका दाखवू. तोंड आहे ना? त्या दिवशी चांगलं चाललं होतं.”

“मी बसवली.”

“मोठ्यानं बोला. ताई तिकडं आहे, तिला ऐकू गेलं नसेल.”

“मला काय ऐकायचंय?” चुलीपासून ओर्तेन्सिया म्हणाली. “माझ्या भावाचा हात मी लहानपणापासून बघतेय. ऐकायला येत नव्हतं ते यांना. एवढे मोठे कानवाले!”

अन्सेल्मो हसला नाही. त्यानं वॉशर खाली ठेवली. “दाजी, पहिली दहा वर्षं मी म्हणत होतो की माझा हात नाही. आरशात बघून म्हणायचो. मग वाटायला लागलं, एवढं गाव म्हणतंय. आणि दाजी म्हणतात. त्यांना तर नुसत्या आवाजावरून सगळं कळतं. तेव्हा माझाच असेल. मीच सोडला असेल आणि मला आठवत नसेल.” त्यानं वॉशर बोटानं दूर सारली. “गेली सोळा वर्षं मी तेच खरं धरून चाललोय. तुम्ही आत्ता येऊन हे ठेवलंत, तर आता मी काय करू त्याचं?”

कासिमिरोकडे प्रत्येक माणसासाठी टोमणा तयार असायचा. आज तो खुर्ची ओढून समोर बसला.

अन्सेल्मोनं मातेची वाटी ओढली. जुनी पानं वेलाच्या बुंध्याशी झटकली, नवी येर्बा भरली, किटलीतलं पाणी ओतलं. पूड वर तरंगली. ओतणाऱ्यानं प्यायची ती पहिली वाटी त्यानं टेबलावरून कासिमिरोसमोर सरकवली.

ओर्तेन्सियाची पळी थांबली.

कासिमिरोनं वाटी दोन्ही हातांत धरली आणि नळीतून खळखळ आवाज येईपर्यंत ओढली. तोंड वाकडं केलं नाही. मग त्यानं बगलेतला फळा काढून टेबलावर पालथा टाकला. मागच्या कोऱ्या अंगावर त्यानं काळ्या रंगानं, ओबडधोबड अक्षरांत लिहिलं होतं: या गाडीचा तिसरा गिअर चालकानं सोडला नाही. कासिमिरो बुस्तिन्सानं वॉशर उलटी बसवली. खाली एक भोक पाडलं होतं.

“सील इथं बांधणार आहे,” तो म्हणाला. “आणि चौकात माझ्या तोंडानं सांगणार आहे.”

“तेव्हा साठ माणसं होती.”

“आज जास्त असतील.”

“मग चला,” अन्सेल्मो उठून म्हणाला. “प्रदर्शन चालू झालंय. राविओली मागाहून.”

“मागाहून गिच्च होतील!” ओर्तेन्सिया ओरडली, पण पातेल्यावर झाकण ठेवून तीच सगळ्यात आधी पावाच्या गाडीत चढली.

गाडीत पिठाचा वास होता. कासिमिरो पुढं बसला, मांडीवर फळा घेऊन. अन्सेल्मोनं पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला, आणि त्याचा हात दांड्यावर तसाच राहिला, दाबलेला. कासिमिरोनं मान कलती करून बॉक्स ऐकला. एक कोपरा गेला, दुसरा गेला.

“बॉक्स चांगला आहे,” तो म्हणाला. “मी ऐकतोय. हा नाही सुटायचा. काढ हात.”

“माहीत आहे मला, चांगला आहे,” अन्सेल्मो म्हणाला.

त्यानं हात काढायचा प्रयत्न केला. बोटं उचलली, वीतभर वर नेली. पुढचा कोपरा आला, अन्सेल्मोनं पाय उचलला आणि हात पुन्हा दांड्यावर जाऊन बसला. चौक येईपर्यंत तो तिथंच होता आणि कासिमिरो त्याच्याकडे बघत बसला होता.